कच्ची पोपटी आणि जगाचं हवामान

रोह्यात जानेवारी महिन्यात पाऊस पडत नाही. शाळेत भूगोल शिकवताना हे मी इतक्या वेळा सांगितलं होतं, की एव्हाना ते पावसालाही पाठ झालं असेल असा माझा समज होता.

त्या जानेवारीत मी प्रेमात होतो. (भूगोलाच्या मास्तराने प्रेमात पडू नये. आधीच त्याला आभाळाकडे बघत बसायची खोड असते.) वैशाली पेणजवळच्या हमरापूरची. तिच्या घरी गणपती घडतात आणि ती त्यांचे डोळे आखते. तिचा होकार होता. घोडं अडलं होतं तिच्या वडिलांपाशी, अण्णांपाशी. जावई जरा तंद्रीत असतो, असं कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं. शेवटी माझ्या आईनेच तोड काढली : अण्णांना पोपटीला बोलवायचं. मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा समोर आल्या की रायगडातला माणूस सहसा नाही म्हणत नाही.

त्या दिवशी सकाळीच आईने वर बघितलं.

"अरे, ढग हायेत. अंगणात ताडपत्री बांध."

"आई, ढग म्हणजे आजची हवा. मी हवामानाबद्दल बोलतोय! वर्षानुवर्षांची सरासरी! या दिवसांत वारे जमिनीवरून समुद्राकडे जातात. कोरडे ठणठणीत!"

"वारं जाऊ दे कुठं जायचं तिथं. तू ताडपत्री बांध."

नाही बांधली. शास्त्राचा अपमान झाला असता!

संध्याकाळी अण्णा आणि वैशाली आले. अण्णांचा पांढरा शर्ट असा कडक इस्त्रीचा, की त्याच्याशीही अदबीने बोलावं. मडक्यात भांबुर्डीचा पाला, शेंगा, ओवा, मीठ, अंडी असं सगळं भरून, तोंड पाल्याने बंद करून, आम्ही ते अंगणात उपडं ठेवलं आणि भोवती पेंढा-लाकडं रचून पेटवून दिलं. पोपटीत पाण्याचा थेंब नसतो, सगळी भिस्त आगीवर. शिजत आली की मडक्यावर पाण्याचे शिंतोडे मारायचे. चर्र वाजलं की झाली!

"शिंतोडे मी मारीन," आई म्हणाली. "तू नुसता आगीकडं बघ." आणि ती ताटं आणायला घरात गेली.

मी आगीकडेच बघत होतो. पण आगीच्या पलीकडे वैशाली बसली होती, त्याला मी काय करणार! भांबुर्डीचा वास अंगणभर पसरला होता, धूर सावकाश वर चालला होता. तेवढ्यात अण्णांनी आपलं सौजन्य म्हणून विचारलं, "मास्तर, सध्या काय शिकवता पोरांना?"

झालं! मी निघालो जगाच्या सफरीवर. आधी हवा आणि हवामान यांतला फरक सांगितला. मग विषुववृत्तावर गेलो, तिथल्या उंच डोंगरांवरचं बर्फ दाखवलं. तिथून पेरूच्या किनाऱ्यावर उतरलो, जिथे दाराशी समुद्र असून वाळवंट आहे, कारण शेजारून थंड पाण्याचा प्रवाह जातो. नॉर्वेत तर उलटं! इतक्या उत्तरेला असूनही कोमट प्रवाहामुळे तिथली बंदरं गोठत नाहीत. निळ्या पाण्यातून माझी बोट हळूहळू चालली होती आणि बोटीत (अण्णांना न सांगता) वैशाली होती.

"मंग आपल्याकडंच पाऊस एवढा का कोसलतो?" अण्णांनी विचारलं.

"सह्याद्री, अण्णा! समुद्रावरून आलेले ढग त्याला अडतात, वर चढतात, गार होतात आणि आपल्यावर रिकामे होतात!"

नेमकं तेव्हाच मडकं वाजलं. चर्र!

"झाली!" मी नॉर्वेतूनच ओरडलो.

"अहो, पण शिंतोडे कुणी मारले?" वैशाली म्हणाली.

"आईने!"

"त्या घरात हायेत!"

तोवर मी मडकं ओढून केळीच्या पानावर पालथंही घातलं होतं. शेंगा अशा हिरव्यागार, जणू अजून वेलावरच होत्या. तरी पाहुण्यांचा मान म्हणून पहिलं अंडं मी अण्णांच्या हातात दिलं. त्यांनी ते बोटांनी दाबलं आणि अख्खं अंडं त्या इस्त्रीच्या शर्टावरून ओघळलं. पुढच्याच क्षणी धो धो पाऊस आला आणि आग विझली. शिंतोडे कुणी मारले होते, ते आता मलाही कळलं.

आम्ही पडवीत पळालो. आई ताटं घेऊन उभी. "आता काय वाढू पाव्हन्यांना? सरासरी?"

अण्णांनी शर्ट झटकला. "चल गो वैशू. गाडी भेटंल अजून."

एवढं जग फिरून आलो आणि हमरापूर हातचं गेलं! मला खरंच रडू येत होतं.

वैशाली मात्र जागची हलली नाही. "बाबा, एका दिवसाची हवा बघून हवामान ठरवायचं नसतं. आत्ताच सांगितलं ना त्यांनी? मानसाचं पन तसंच. आज चुकले. रोज थोडेच असे वागतात?"

अण्णांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग शर्टाकडे. आणि त्यांचं पोट गदगदा हलायला लागलं. हसू आवरल्यावर ते आईला म्हणाले, "ताई, त्या शेंगा चुलीवर टाका. उपाशीपोटी होकार देनार नाय मी."

लग्न झालं. त्यानंतर मी ढग बघता बघता दूध किती वेळा उतू घालवलं, याची मोजदाद नाही. सासुरवाडीला जाताना पेणऐवजी नागोठण्यालाच उतरलो, तेही एकदा नव्हे. बर्फाळ प्रदेशाचा विचार करत चहात मीठ घातलं आणि तो पिऊनही टाकला. वैशाली रागावत नाही. ती एवढंच म्हणते, की त्या दिवशी बाबांपुढे जे एका दिवसाची हवा म्हणून तिने खपवलं, ते माझं हवामान होतं.