बांधावरून दिसणारी दांडी

सुट्टी मिळाली की मी साताऱ्याहून सांगलीकडच्या आमच्या गावी जातो. कृष्णेचं पाणी रानात आणणारी एक पाईपलाइन तिथे आम्हा भाऊबंदांच्या सामाईक मालकीची आहे. आमच्यात आजवर जो काही संवाद टिकला तो तिच्यामुळे. पाण्याचा प्रश्न नसता तर आम्ही एकमेकांशी बोललोही नसतो.

नदीकडून यायला लागलं की पहिलं रान सुभेदारांचं, शेवटचं माझ्या चुलतीचं आणि मधे आम्ही बाकीचे. यंदाच्या उन्हाळ्यात चुलतीची उसाची नवी लागण पिवळी पडायला लागली. पाण्याची पाळी तिची असायची, मोटरही चालू असायची, पण तिच्या सरीत पाणी यायचं ते आजाऱ्यानं चूळ भरावी एवढंच. अजून काही पाळ्या अशाच गेल्या असत्या तर लागण मोडूनच टाकावी लागली असती.

कारण सगळ्यांना ठाऊक होतं. प्रत्येकाच्या बांधावर चक्रीचा व्हॉल्व्ह होता. तो बंद करायला चक्री फिरवत बसावं लागतं, आणि पुरता बंद असो की थोडा उघडा, बाहेरून सारखाच दिसतो. पाळी संपली की माणूस चक्री फिरवायचा, शेवटचे दोन-चार आटे तसेच ठेवायचा आणि घरी जायचा. आमच्याकडे याला चोरी म्हणत नाहीत, ‘जरा ढिला राहिला’ म्हणतात. शिवाय दुसऱ्याच्या चक्रीला हात लावायचा नाही असा जुना रिवाज. दुसऱ्याच्या खिशात हात घालण्याइतकंच ते वाईट. त्यामुळे संशय सगळ्यांना सगळ्यांचा, पण खात्री करून घेण्याची सोय कुणालाच नाही. व्यवस्था म्हणून ती परिपूर्ण होती.

मग जुने व्हॉल्व्ह गळायला लागले आणि नवे बसवायचं ठरलं. मोटरीच्या खोलीच्या सावलीत बैठक भरली. खुर्ची एकच होती, त्यामुळे अध्यक्षपदाची निवड आपोआप झाली. सुभेदार पलटणीतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण बसतात अजून फोटो काढून घ्यायला बसल्यासारखेच. त्यांनी सांगलीच्या दुकानातून रंगीत माहितीपत्रक आणलं होतं.

“बटरफ्लाय,” ते म्हणाले. “आमच्या छावणीत पाण्याच्या टाकीला हाच होता. लय भारी चीज.”

पाईपच्या आत एक गोल चकती, ती फिरली की पाणी चालू किंवा बंद. चित्रातला व्हॉल्व्ह एखाद्या शहराला पाणी पुरवील असा होता. आमच्या पाईपमधून पाण्याबरोबर शेवाळ आणि अधूनमधून खेकडाही येतो, हे त्या चित्रकाराला कळायला मार्ग नव्हता. बाकीचे म्हणाले, चक्रीचाच आणा, त्याची सवय आहे. कसली सवय, ते कुणी विचारलं नाही.

चुलती दाराशी उभी होती. “आवं सुभेदार, मला त्यातलं काय कळत न्हाई. बॉलचा वॉल आणा. दांडी पायपाच्या सरळीत असली की चालू, आडवी असली की बंद. माझ्या बांधावरनं समद्यांच्या दांड्या दिसल्या पायजेत. बाकी काय मागणं न्हाई.”

 मग अचानक आमच्या घराण्यात इतके इंजिनियर आहेत हे मला पहिल्यांदाच कळलं. एकजण म्हणाला, बॉलला वाळू लागली की तो गळतो. दुसरा म्हणाला, झटक्यात बंद केला की पाण्याचा दणका बसून पाईप फुटतो. माझा धाकटा भाऊ म्हणाला, प्लास्टिकची दांडी उन्हानं तडकते. गंमत म्हणजे तिघांचंही म्हणणं खरं होतं. खऱ्या गोष्टी इतक्या एकदम बोलल्या गेल्या की मला नेहमी शंका येते.

“मग लागण मोडू का?” चुलतीनं विचारलं.

सुभेदारांनी पत्रकाची घडी घातली. बटरफ्लाय बसणार नसेल तर दुसरं काही बसलं तरी त्यांना सारखंच होतं. “बॉलचाच,” ते म्हणाले. “फाटक उघडं हाय का बंद, हे लांबनं दिसायला पायजे.”

व्हॉल्व्ह बसले. पहिल्या व्हॉल्व्हला हार घातला, नारळ फोडला. सुभेदारांनी दांडी धरली आणि परेडमध्ये सलामी द्यावी तशी खाडकन आडवी केली. पाईपमध्ये असा दणका झाला की पाया पडायला वाकलेला एकजण तसाच खाली बसला. पाईप वाचला. तेव्हापासून दांडी सावकाश फिरवायची असा नियम झाला आणि त्याची आठवण सुभेदार इतरांना करून देऊ लागले.

पुढच्या सुट्टीला गेलो तर एकाही व्हॉल्व्हला दांडी नव्हती. नुसते खुंट उरले होते. उघडा की बंद, बांधावरून काय, जवळ वाकूनही कळत नव्हतं.

“चोरीला जात्यात,” भाऊ म्हणाला. “म्हणून काढून घरात ठिवल्या. समद्यांनीच.”

“आणि व्हॉल्व्ह फिरवता कशानं?”

“पान्ह्यानं.”

तेवढ्यात चुलती आली. तिची पाळी होती. हातात तिच्या व्हॉल्व्हची दांडी, लाटणं धरावं तशी. ती आमच्या खुंटाशी बसली, दांडी त्यावर घातली, सावकाश आडवी केली, उपसून घेतली आणि पुढच्या रानाकडे वळली.

“काकी, अवं दुसऱ्याच्या चक्रीला हात लावत न्हाईत,” भाऊ म्हणाला.

“मी कुणाच्या चक्रीला हात लावला रं? चक्री आता ऱ्हायली कुठं? तुझी दांडी तुझ्या घरात हाय. ही माझी हाय.”

 रिवाज चक्रीबद्दल होता. खुंटाबद्दल वाडवडील काही बोलून गेले नव्हते. ती एकेक खुंट बंद करत थेट सुभेदारांच्या रानापर्यंत गेली. कुणी अडवलं नाही, कारण अडवायचं तर आपला उघडा होता हे आधी कबूल करावं लागलं असतं. परत येईतो तिच्या सरीत पाणी भरून वाहत होतं आणि वाटेतली ढेकळं विरघळत होती.

दुसऱ्या दिवशी सगळ्या दांड्या आपापल्या जागी होत्या. चोरांची भीती रात्रीत कशी मिटली ते समजलं नाही. आमची तर भावानं पुसून बसवली होती.

परवा गेलो तेव्हा लागण हिरवी होती. पाळी चुलतीची. बांधावर उभी राहून, डोळ्यांवर हात धरून ती एकेक दांडी बघत होती. बघता बघता तिनं हाक दिली, “आवं सुभेदार, तुमची जरा कललीया.”

सुभेदार लिंबाखाली पेपर वाचत होते. ते उठले, चष्मा खिशात ठेवला आणि दांडी काटकोनात आणली. सावकाश.