आडावरचं कुलूप

उमरीचं घर पहिल्यांदा भाड्यानं दिलं त्याची गोष्ट मी आजवर अर्धीच सांगत आलो. पोरांना, सुनांना, लातूरच्या शेजाऱ्यांना. उरलेला अर्धा भाग तोंडाशी यायचा आणि मी विषय बदलायचो. आता वय झालं. गल्लीत राहिलेल्यांसाठी आणि माझ्यासारख्या गल्ली सोडून गेलेल्यांसाठी तो लिहून ठेवतो.

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा तिथल्या कचेऱ्यांना कारकून हवे होते. मी अर्ज केला आणि बदली मिळाली. निघायच्या दिवशी सामान टेम्पोत चढलं. बायको पोरांना घेऊन पुढे बसली. मी मात्र अंगणातल्या आडापाशी उभा राहिलो. तो आड माझ्या बापानं आणि चुलत्यांनी खणला होता. त्याआधी आमच्या बायका गावच्या विहिरीपासून लांब बसून राहायच्या. कुणाला दया आली तर वरून घागरीत पाणी ओतलं जायचं. धम्मदीक्षा घेतल्यावर बाप म्हणाला, आता कुणाच्या ओंजळीकडं बघायचं न्हाई. दोन उन्हाळे खणल्यावर पाणी लागलं. तेव्हापासून अख्खी गल्ली आमच्या अंगणातून पाणी भरायची. अंगणाला फाटक नव्हतंच. बाप म्हणायचा, "दोर ज्याचा त्याचा, पाणी समद्यांचं."

घराची चावी मी सिस्टरच्या हातात दिली. गयाबाई सिस्टर, हिमायतनगरकडची, आपल्याच समाजाची. सरकारी दवाखान्यात नर्स होती. नवरा लवकर गेलेला, सोबत म्हातारी आई. बोलणं कमी, काम चोख. ती म्हणाली, "भाऊसाहेब, घराची काळजी करू नका. आईला अंगण लई आवडलंय." ते ऐकून मी टेम्पोत चढलो.

लातुरात आम्हीच भाडेकरू झालो. दोन खोल्या, आणि अंगणातल्या नळाला घरमालकिणीचं कुलूप. सकाळी तिची पूजा झाली की ती कमरेची किल्ली काढायची. आमच्या वाट्याला दोन घागरी. तिसरी उचलली की म्हणायची, "भाड्यात खोल्या दिल्या, नळ न्हाई दिला." बायको खाली मान घालून परत यायची. मला राग यायचा, पण त्यासोबत दुसरंही काहीतरी मी शिकत होतो. घरमालक असा असतो, असं माझ्या डोक्यात बसत होतं.

पुढं पावसानं दगा दिला, लागोपाठ दुसऱ्या वर्षी. उमरीहून आलेला एकजण म्हणाला, तुमच्या आडाला तळ दिसून राहिला. दुसऱ्या आळीचे लोकही तिथंच येतात. मी घाबरलो. आड आटला तर ते घर कोण घेणार, आणि उद्या मी परत गेलो तर काय पिणार? त्याच दिवशी कचेरीत बसून मी सिस्टरला आंतर्देशीय पत्र लिहिलं. आडावर लोखंडी जाळी बसवून कुलूप लावा. पाणी फक्त तुमच्यापुरतं काढा. आणि शेवटी एक ओळ लिहिली, जी मी इतकी वर्षं गिळून बसलो: "हे मी सांगितलं असं गल्लीत कळू देऊ नका, संबंध खराब होतील."

सिस्टरनं पत्राप्रमाणे केलं. जाळी बसली, कुलूप लागलं. गल्लीतल्या बायका भर उन्हात स्टेशनच्या नळावर जायला लागल्या.

त्याच उन्हाळ्यात सिस्टरची आई वारली. मला आठ दिवसांनी कळलं, मी भेटायला गेलो. वाटेत आमची शेजारीण धुरपताबाई भेटली. "भाऊ, तुमची सिस्टर लई खट हाय," ती म्हणाली. "आडावर नागिणीवानी बसून राहिलीय. तुमच्या बापानं खणला, अन् ही कोण कुठली मालकीण?"

मी विचारलं, आई गेली तेव्हा गल्लीतलं कोण कोण आलं होतं?

"मातीला माणसं गेली. पण कडू घास कुणी नेला न्हाई. आमचं पाणी बंद करती, मग आमची भाकर कशाला लागती तिला?"

ज्या घरात मौत होते तिथं चूल पेटत नाही. शेजारचे भाकरी-पिठलं नेतात आणि जवळ बसून दोन घास खाऊ घालतात. आमच्या गल्लीत वैऱ्याच्याही घरी कडू घास चुकला नव्हता. तो माझ्या घरी चुकला.

बोलत बोलत आम्ही अंगणापर्यंत आलो होतो. सिस्टर दारात उभी होती, तिनं सगळं ऐकलं होतं. धुरपताबाई तिच्यादेखत मला म्हणाली, "सांगा की मग तिला, कुलूप काढ म्हणून."

तेव्हा एक वाक्य बोललो असतो तर भागलं असतं. मी म्हणालो, "बघतो. समजावून सांगतो तिला."

सिस्टरनं माझ्याकडं पाहिलं, फार वेळ नाही. मग आत गेली आणि तांब्या भरून पाणी आणलं, त्याच आडाचं. मी ते प्यालो. पत्राचं नाव तिनं काढलं नाही, तेव्हाही आणि नंतरही. मी तिला हळूच म्हणालो, आता कुलूप काढा. तिनं लगेच काढलं. गल्लीत माझं नाव झालं, भाऊनं कुलूप काढायला लावलं. चार महिन्यांनी सिस्टरनं बदली मागून घेतली.

मागच्या बुद्धपौर्णिमेला मी उमरीला गेलो होतो. विहारात वंदना झाली, खीर वाटायची होती. मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं, शेवटच्या ओळीसकट. तरुण पोरांना तर आडाला कुलूप होतं हेच ठाऊक नव्हतं. मग भिंतीला टेकलेली धुरपताबाई म्हणाली, "कुलूप होतं तवा माझी लेक बाळंत झाली, तर सिस्टर रोज सक्काळी घागर आणून ठेवायची. मी म्हणायची, एवढं खट माणूस अन् असं कसं करतंय?" अन् पुढं म्हणाली, "भाऊ, लई उशीर केलास रे. चल, घरी जेवायला चल." आजवर ती मला अहोजाहो करायची. तिच्या घरी मी चार भाकरी खाल्ल्या. कित्येक वर्षांत इतकी भूक लागली नव्हती.

आता घरात नवे भाडेकरू आहेत. गल्लीत नळ आले, तरी आड आहे. नव्या माणसाला मी एकच अट सांगतो, झाकण ठेवा, कुलूप नको. लातुरात माझं स्वतःचं घर झालं, पण कुणी गाव विचारलं तर अजून तोंडातून उमरीच निघतं. आता ते म्हणताना नजर चोरावी लागत नाही.

सिस्टर मात्र विहारात नव्हती. हिमायतनगरला चौकशी केली तर कळलं, ती दोन वर्षांपूर्वीच वारली. आमची शेवटची भेट लातूरच्या बसस्टँडवर झाली होती. ती रिटायर झाली होती, नांदेडच्या गाडीची वाट बघत होती. तिनंच विचारलं, "आडाला पाणी हाय का, भाऊसाहेब?" मी म्हणालो, "हाय." ती म्हणाली, "बरं झालं." गाडी लागली. मी पळत जाऊन डझनभर केळी घेतली, खिडकीतून दिली, आणि गाडी हलेपर्यंत खिडकीचा गज धरून उभा राहिलो. तोंडात तेवढंच होतं आणि तेवढंच बाहेर आलं नाही: सिस्टर, कुलूप माझं होतं. मला माफ करा.