बाबांची लाइन क्लिअर

बाबा स्टेशन मास्तर म्हणून जयपूरलाच रिटायर झाले आणि घरात सगळ्यांना शिस्त लावू लागले. आई वैतागली. सीतापुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या ऑफिसातून आल्यावर मी त्यांना कॉम्प्युटरवरच्या एका खेळात गुंतवलं. त्यात चित्र नाही, नुसती अक्षरं. ‘उत्तरेला जा’ लिहायचं, की पुढच्या खोलीचं वर्णन येतं. राक्षस मारायचे, गुण मिळवायचे. पण ते जग कुणीतरी आधीच बांधून ठेवलेलं, आणि थोड्या वेळानं सगळं पुन्हा पहिल्यासारखं होई.

दोन दिवसांत बाबा विटले. “मारलेला राक्षस परत उभा. मंग मारला कायले?”

मग मी त्यांना त्याच जातीचं नवं जग दाखवलं. इथे राक्षस नव्हते. खेळणाऱ्यांनीच खोल्या बांधायच्या, वस्तू करायच्या आणि त्या कशा वागतील याचे नियमही आतूनच लिहायचे. एकदा केलेलं तसंच राहायचं. जन्मभर दुसऱ्यांच्या नियमांनी गाड्या सोडलेल्या माणसाच्या हाती हे पडलं.

त्यांनी आमचं जुनं रेल्वे क्वार्टर बांधलं. नियम रुळावरचाच: एका खोलीत एका वेळी एकच माणूस, आणि बाहेर पडायला बाबांची लाइन क्लिअर, म्हणजे पुढे जायची परवानगी, हवी.

“मी आत जाते तर म्हणे सेक्शन व्यस्त,” खेळून पाहायला बसलेली आई म्हणाली. “मतलब, माझ्याच स्वयंपाकघरात?”

मी आठवडाभर एक गोष्ट लपवत होतो. मला पुण्यात नोकरी मिळाली होती. तोंडावर सांगायची हिंमत नव्हती, म्हणून एका रविवारी खेळातल्या त्या स्वयंपाकघरात उभं राहून मी निरोप लिहिला: ‘बाबा, मी पुढच्या महिन्यात पुण्याला जातोय.’

मी ‘बाहेर’ लिहिलं. ‘लाइन क्लिअर नाही.’ दहा वेळा लिहिलं, दहा वेळा तेच.

“बाबा, हे काय चाललंय?” मी ओरडलो.

“सिग्नल खराब आहे,” शेजारच्या खोलीतून आवाज आला.

लॅपटॉप बंद करता आला असता, पण मन होईना. आईची भाजी चिरून झाली, फोडणी बसली, तेव्हा कुठे अक्षरं आली: ‘लाइन क्लिअर.’

पुण्याला आल्यावर पहिल्याच रविवारी मी खेळातल्या त्या क्वार्टरवर गेलो. स्वयंपाकघरात बाबा आधीच होते, म्हणजे मला दारातच अडवणार. तरी मी ‘आत’ लिहिलं आणि सरळ आत गेलो. बाबांनी नियम बदलला होता.

“ये,” त्यांनी लिहिलं. “दोघांले जागा आहे.”