एकाच पाकिटातले चार सेल

"सरळ चालतो का बघू," असं म्हणत बाई माझ्या काउंटरच्या काचेवर पेन्सिल सेल आडवा ठेवायच्या आणि बोटानं हलकेच ढकलायच्या. सेल गडगडत पलीकडे गेला तर ठीक. जरा डुगडुगला, की तो पोटात फुगलेला. मग वेष्टनावर कुठे चीर आहे का, ते अंगठ्याच्या नखानं चाचपायचं. मागे गिऱ्हाइकं ताटकळलेली. एकदा एकजण वैतागून म्हणाला, "अम्मा, सेल ले रे या दामाद पसंद कर रे?" बाई मागे वळल्यासुद्धा नाहीत. म्हणाल्या, "दामाद बिगड़ा तो बेटी मायके आती. ये पानी में बिगड़ा तो मैं किधर जाऊँ?"

हैदराबादच्या कोठी बाजारात माझं फोटोच्या सामानाचं दुकान. वडिलांचं होतं, मग माझं झालं. बाई कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, तारनाक्याला भाऊ-वहिनीकडे राहायच्या. लग्न केलं नव्हतं, आणि त्याबद्दल कोणी हळहळलं तर त्याचीच हजेरी घ्यायच्या. अमेरिकेतल्या भाच्यानं त्यांना पाण्याखाली चालणारा कॅमेरा आणि त्याचा दणकट फ्लॅश आणून दिला होता. आता हैदराबादेत समुद्र कुठला? मी तसं म्हटलं, तर बाई म्हणाल्या, "समुद्र नसेल. बावडी आहे."

त्यांच्या गल्लीच्या मागे खरंच एक जुनी दगडी बावडी, म्हणजे पायऱ्यांची विहीर, होती. बाई तिच्यातच पोहायला शिकलेल्या. साठीला आल्या तरी जुना पंजाबी ड्रेस घालायचा, ओढणी कमरेला करकचून बांधायची आणि श्वास कोंडून बुडी मारायची, हे चालूच. पण बाजार खुला झाला, जमिनींना सोन्याचं मोल आलं आणि त्या जागेवर दुकानांचं कॉम्प्लेक्स उठवायचं ठरलं. पालिकेच्या साहेबांचं म्हणणं, बावडी मेलेली आहे, खाली गाळ आणि वर डास. झरा जिवंत असेल तर बुजवता येणार नाही, हा नियमही त्यांचाच. बाई म्हणाल्या, "झरा जिवंत आहे. मी त्याच्या तोंडावर हात ठेवून आलेय."

त्यांनी तळाचा फोटो काढून नेला. साहेबांनी तो उलटसुलट केला आणि म्हणाले, "मॅडम, ये फोटो कहाँ का बी हो सकता." दुसरं कोणी असतं तर रडत घरी गेलं असतं. बाईंनी तिथेच खुर्ची ओढली. "तो आप आओ. आपके नाम की कोई चीज़ देओ. उसको नीचे रख के फोटो लेतूँ. फिर बोलो कहाँ का है." साहेब हसले, पण कबूल झाले. दिवस ठरला. झरा दिसला तर काम थांबेल, नाही दिसला तर त्याच दिवशी भराव सुरू.

आता तुम्ही म्हणाल, या सगळ्यात सेलचं एवढं काय कौतुक? सांगतो. त्या फ्लॅशचं झाकण रबरी कडं घालून आवळलेलं असतं. पाणी आत शिरत नाही, तसाच आतला वायूही बाहेर पडत नाही. एक सेल जुना आणि तीन नवे घातले, की नवे त्या जुन्याला नको तेवढं राबवतात. तो तापतो, गळतो, आत वायू कोंडतो. मग वर येऊन झाकण फिरवलं की ते सोड्याच्या बुचासारखं उडतं. एकदा ते बाईंच्या भुवईवर बसलं होतं. टाके पडले. डोळा वाचला, यातच सगळं आलं. तेव्हापासून त्या चार्जिंगचे चार सेल वापरायच्या, एकत्र घेतलेले, एकत्रच भरलेले, आणि चौघांना नेलपॉलिशचा एकेक ठिपका.

त्या वेळी कोठीच्या फुटपाथवर परदेशी नावांचे चकचकीत सेल टोपलीनं विकायला आले होते. निम्मे तर जुन्यांनाच नवं वेष्टन घातलेले. मीही ठेवायला लागलो होतो, कारण लोक तेच मागायचे. बाई ते बघून म्हणायच्या, "भाऊ, देश खुला झाला म्हणून डोकं पण उघडं ठेवायचं का?"

ठरलेल्या दिवशी सकाळी दुकानात फोन वाजला. बाई पीसीओवरून बोलत होत्या. "भाऊ, चार सेल. एकाच पाकिटातले, ताजे, अल्कलाइन. शटर ओढा आणि या." विनंती वगैरे त्यांना येतच नसे. मी तीन पाकिटं घेतली, कारण बाईंना मी ओळखून होतो, आणि स्कूटर तारनाक्याकडे दामटली.

तिथे बघतो तर मुरमानं भरलेल्या दोन लॉऱ्या, साहेबांची जीप, आणि लॉरीच्या बरोबर तोंडासमोर, बावडीच्या वरच्या पायरीवर, बाई मांडी ठोकून बसलेल्या. बाजूला वहिनी पदर डोळ्याला लावून उभ्या. त्यांनी मदत करायला म्हणून, वन्संच्या फोटोचा दिवस म्हणून, चार्जिंगचे चारही सेल पापडांबरोबर गच्चीत पत्र्यावर वाळत घातले होते! हसू नका. तुमच्याही घरी ट्रान्झिस्टरचे सेल उन्हात तापवलेच असतील. उन्हानं सेलला जोर येतो, हे आपल्याकडे घरोघरी पाठ. पण ते मे महिन्याचं ऊन. वेष्टनं आकसली होती, आणि एकाच्या बुडाशी पांढरं काहीतरी फुललं होतं.

"वहिनी, रडू नका. पापड आत घ्या, करपतील," बाई म्हणाल्या. एवढंच.

साहेब मात्र कातावले होते. जीपच्या ड्रायव्हरनं आपल्या रेडिओतले सेल काढून पुढे धरले. "नक्को," बाई म्हणाल्या. साहेब म्हणाले, "चार सेल के वास्ते इत्ता तमाशा? कोई बी डालो ना. नै तो काम शुरू करतूँ."

"कोई बी नै चलता साहब. एक बार आँख जाते-जाते बची. और लॉरी लाना है तो मेरे ऊपर से लाओ."

लॉरीच्या ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. मी पाकिटं पुढे केली. बाईंनी पहिलं फोडलं आणि पायरीच्या गुळगुळीत दगडावर सेल ढकलले. तीन नीट गेले, चौथा डुगडुगला. चारही बाजूला टाकले.

"अहो, एकासाठी चारही?" माझा जीव कळवळला.

"चौघांना एका घरात राहायचंय, भाऊ."

दुसऱ्या पाकिटातले पास झाले. तोवर साहेब कंटाळून लिंबाखाली जेवायला बसले होते. बाईंनी त्यांच्या स्टीलच्या डब्याकडे बोट दाखवलं. झाकणावर ठसठशीत तेलुगूत साहेबांचं नाव कोरलेलं, सासऱ्यांनी लग्नात दिलेला डबा. "ये ढक्कन देओ." साहेबांनी काकुळतीनं भाताकडे बघितलं आणि झाकण दिलं. बाईंनी ते चकाकू नये म्हणून त्याला पायरीवरचा चिखल चोपडला, अक्षरं तेवढी बोटानं मोकळी केली, आणि खाली उतरल्या.

उन्हाळ्यात दोन पुरुष पाणी असेल. हिरवं, काळपट. बाई गेल्या की पाणी मिटायचं, आणि मग खालून एकदम ते उजळायचं. लॉरीवालेसुद्धा काठावर ओणवे झाले. बाई वर येत, दम घेत, पुन्हा जात. शेवटी वर आल्या त्या ओठ निळे पडलेल्या. फ्लॅशची झाकणाची बाजू रिकाम्या भिंतीकडे धरून त्यांनी झाकण सैल केलं. काही उडालं नाही. सेल काढून माझ्या हातावर ठेवले आणि म्हणाल्या, "हात लावून बघा, गार आहेत." मला त्या क्षणी त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पडलो नाही, ओरडल्या असत्या.

फोटो मीच धुतले. डेव्हलपरमध्ये कागदावर चित्र हळूहळू उमटलं. काळं पाणी, मध्ये साहेबांचं झाकण, नावाचं अक्षर न् अक्षर वाचता येत होतं, आणि त्याच्या शेजारी झऱ्याच्या जोरानं भाताच्या आधणासारखी उकळणारी वाळू. साहेबांनी फोटो बराच वेळ बघितला. "मेरा डब्बा है," म्हणाले. मग काम थांबवल्याची सही केली आणि हळूच म्हणाले, "मॅडम, कीचड़ लगाए सो मेरी बीवी को मत बोलो."

पुढे साहेब बदलत गेले. प्रत्येक नव्या साहेबाला बावडी मेलेलीच वाटायची. मग बाई माझ्याकडून सेल घ्यायच्या, त्याच्या नावाचं काहीतरी मागायच्या आणि बुडी मारायच्या. एकानं टेबलावरची पाटी दिली, एकानं छत्री. गुडघे गेले तरी त्यांनी ऐकलं नाही. "माझ्या गुडघ्यांना पाण्यात काय काम आहे?" म्हणायच्या.

एका थंडीत बाई गेल्या. झोपेत, कोणाला त्रास न देता, जे त्यांना अजिबात शोभलं नाही. मी दुकान बंद करून रडलो. आणि पुढच्या उन्हाळ्यात त्या बाजूला गेलो, तर बावडीच्या जागी सपाट मैदान होतं.

आता तिथे चार मजली कॉम्प्लेक्स आहे, खाली तळघरात गाड्या लावायला जागा. परवा मेमध्ये, बोअरवेल आटलेल्या असताना, तिथे एका डॉक्टरांकडे गेलो होतो. तळघरात घोटाभर पाणी. वॉचमन मोटर लावून उपसत होता.

"क्या रे, पाइप फूटा?"

"नै साब. साल भर ऐसाइच आता. इंजिनियर लोगाँ आके गए, किधर से आता किसी को मालूमच नै पड़ रा."

मी वाकून हात घातला. पाणी स्वच्छ आणि गार होतं, बाईंच्या झऱ्याचं. इतका आनंद झाला म्हणून सांगू! बाईंना आवाज द्यावासा वाटला.

"मोटर बंद कर," मी त्याला म्हटलं.

तो हसला. मी हसलो नाही. "बंद कर बोला ना!"