'बे' : एका नोंदीची दुरुस्ती

"ही व्याख्या कोणी लिहिली? हिच्यामुळे माझी नोकरी चालली आहे."

सकाळी चहा घेता घेता लॅपटॉप उघडला, तर आमच्या ऑनलाइन कोशात 'बे' या शब्दाच्या चर्चापानावर हा मेसेज येऊन पडला होता. खाली नाव होतं, धनश्री. त्याखाली स्क्रीनशॉट. संपादकाच्या मंजुरीची हिरवी खूण, शेजारी माझं नाव, आणि त्याभोवती लाल गोल. म्हणजे कोणी लिहिली हे बाईसाहेबांना पक्कं ठाऊक होतं. तरी विचारलं होतं.

मी यजमानांना म्हटलं, "अहो, बघितलंत का?" मेसेज वाचून दाखवला. पेपरातून डोकं वर न काढता ते म्हणाले, "छापील कोशात होतीस तेच बरं होतं. लोकांना तुझा पत्ता सापडत नसे."

त्यात तथ्य होतं. मी एकोणचाळीस वर्षं शब्दकोशाच्या कार्यालयात काढली. लाकडी खण, खणांत कार्डं, कार्डांवर शब्द. निवृत्त झाल्यावर आम्ही शनिवार पेठेतली भाड्याची जागा सोडून वारज्याला आलो आणि तिथं सोसायटीतल्या ऋत्विजनं मला गाठलं. हा हिंजवडीत सॉफ्टवेअरचं काम करतो आणि मोकळ्या वेळात दोस्तांबरोबर हा कोश चालवतो. तरुण पोरं जे बोलतात ते शब्द. कोणीही शब्द सुचवावा, कोणीही दाखला द्यावा, संपादकानं मंजूर करावा. "काकू, पोरं काहीही लिहितात हो. तुम्ही जरा शिस्त लावा," तो म्हणाला. शिस्त म्हटल्यावर मी कशाला नाही म्हणते?

आणि मजा यायची, खोटं कशाला बोलू. 'कल्टी मारणे' याचा अर्थ मी 'कोणासही न सांगता निघून जाणे' असा दिला आणि पुढे कंसात 'क्रि.' लावलं. त्या 'क्रि.'चे फोटो पोरांनी आठवडाभर एकमेकांना पाठवले. 'एकदम भारी' अशा अर्थाचं 'विषय हार्ड' आलं तेव्हा मी विचारलं, "कोणता विषय?" ऋत्विज म्हणाला, "कोणताच नाही, काकू. म्हणून तर हार्ड." त्या कार्ट्यांवर माझा जीव जडला होता. कार्यालयात मला कोणी इतकं हसलं नव्हतं आणि इतकं विचारलंही नव्हतं.

आता दोन गोष्टी समजून घ्या, म्हणजे पुढचं कळेल. एक, लेबल. शब्दकोशात अर्थाच्या आधी 'ग्राम्य', 'उपरोधिक' असं बारीक लिहिलेलं असतं, ते लेबल. दुसरी, दाखला. शब्द कोणी, कुठे, कसा वापरला ते खरंखुरं वाक्य. दाखला नसेल तर उरतं ते संपादकाचं नुसतं मत. 'बे'ला मी लेबल दिलं होतं 'अपमानकारक'. अर्थ असा: 'समोरच्यास तुच्छ लेखून केलेले संबोधन. वयाने किंवा पदाने मोठ्या व्यक्तीस वापरू नये.' लिहायला मला पाच मिनिटंही लागली नव्हती.

मी धनश्रीला फोन नंबर पाठवला. रविवारी ती घरीच आली. वर्ध्याची मुलगी, हिंजवडीतल्या एका कंपनीत लागलेली, आणि तिची नोकरी पक्की व्हायची वेळ आली होती. घरात आल्यावर आधी वाकून नमस्कार केला, मग भांडायला बसली.

"निखिल माझा टीम लीड आहे," ती म्हणाली. "त्याला ताप होता. तरी बसून राहिला होता काम करत. मी ग्रुपवर लिहिलं, 'बस बे आता, घरी जा, उरलेलं मी करते.' दुसऱ्या दिवशी त्यानं तक्रार टाकली. सगळ्या ज्युनिअर्ससमोर मला 'बे' म्हटलं म्हणून. एचआरच्या मॅडमनी तुमच्या कोशात बघितलं. तुमची व्याख्या माझ्या फाइलला लावली आहे त्यांनी. बुधवारी मीटिंग आहे. मला ठेवायचं की नाही ते त्यात ठरेल."

"घरी सांगितलंस?" मी विचारलं.

"बाबांना नाही सांगितलं. ते मला पुण्याला पाठवायलाच तयार नव्हते. म्हणतील, सांगितलं होतं ना."

मला वाईट वाटलं. पण तोंडातून निघालं ते भलतंच. मी म्हटलं, "हे बघ, नोंद काही चुकीची नाही. आमच्या पेठेत कोणी कोणाला 'बे' म्हटलं, तर पुढचं बोलणं हातानं होत असे."

"तुमच्या पेठेत," धनश्री म्हणाली. "मॅडम, मी त्याला घरी पाठवून राहिली होती. शिवी कशाला देईन? माझी ताई मला रोज फोनवर विचारते, 'जेवली का बे?' ती काय माझा अपमान करते? तुम्ही आमच्याकडच्या कोणाला विचारलं होतं का?"

मी उठून स्वयंपाकघरात गेले. मग मी तिला उपमा दिला. तिनं तो संपवला, बशी स्वतः घासून ठेवली आणि गेली.

ती गेल्यावर मी नोंद नीट उघडून बघितली. चार दाखले होते. चारही पुण्याचे. त्यातले दोन तर एकाच कॉलेजच्या पार्किंगमधल्या एकाच भांडणाचे होते. कार्यालयात एखाद्या नवशिक्यानं असं कार्ड आणलं असतं, तर मी त्याला चार लोकांत सुनावलं असतं. आणि इथं बाईंनी, म्हणजे मी, ते स्वतः पास केलं होतं. आपलाच कान म्हणजे अख्खा महाराष्ट्र, असं समजून मी मोकळी झाले होते.

मी लगेच लेबल काढायला घेतलं. ऋत्विजला फोन करून तसं सांगितलं. तो जवळजवळ ओरडलाच.

"काकू, हात लावू नका. हिस्टरी विसरलात का?"

हिस्टरी म्हणजे प्रत्येक नोंदीमागे लागलेलं पान. कोणी, कधी, काय बदललं ते त्यात कायम राहतं. छापील कोशात दुसऱ्या आवृत्तीत गुपचूप दुरुस्ती करता येते, इथं ती सोय नाही. ऋत्विज म्हणाला, "आज बदललंत तर एचआरला तारीख दिसणार. ते म्हणतील, पोरीनं ओळख काढून अर्थ फिरवून घेतला. आहे त्याच्यापेक्षा जास्त अडकेल ती."

"मग तक्रारीच्या आधीचं काहीतरी हवं," मी म्हटलं.

"नाकारलेल्या नोंदी बघितल्यात का?" त्यानं विचारलं.

हे पान फक्त संपादकांना दिसतं, शेरा तेवढा नोंद पाठवणाऱ्याला मेलवर जातो. मी ते उघडलं. 'बे'बद्दल सहा जणांनी लिहून पाठवलं होतं. वर्धा, यवतमाळ, अमरावती. सगळं निखिलच्या तक्रारीच्या कितीतरी आधीचं. 'जवळच्या माणसाला, मित्रमैत्रिणीला, भावंडाला प्रेमाने.' खाली दाखले. 'रडू नको बे, मी आहे ना.' 'किती दिवसांनी आली बे.' एकानं तर किती छान लिहिलं होतं, 'ज्याच्यावर हक्क आहे त्यालाच म्हणतात. अनोळखी माणसाला म्हटलं तर मात्र राग येतो.' इतकी नेमकी व्याख्या मला जन्मात जमली नसती. सहाही नोंदींखाली लाल फुली होती आणि फुलीशेजारी माझे शेरे. पहिल्या पाचांना 'प्रादेशिक. युवाभाषा नाही.' जणू विदर्भात तरुण माणसं जन्मालाच येत नाहीत. आणि त्या सहाव्याला, सगळ्यात छान लिहिणाऱ्याला, 'आधी प्रमाण मराठी शिकावी.' खाली माझं पूर्ण नाव.

मला त्या शेऱ्याची लाज वाटली. तो लिहिल्याचं मला आठवतही नव्हतं, याची जास्त वाटली.

ऋत्विज बिचारा भला मुलगा. म्हणाला, "काकू, टेन्शन नका घेऊ. मी प्रिंट काढताना तुमचे शेरे कापून टाकतो. फक्त दाखले आणि तारखा ठेवू." आणि मी हो म्हटलं. खरं सांगते, मला हायसं वाटलं.

संध्याकाळी यजमानांना हे सगळं सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं, मग विचारलं, "कापलेला दाखला तू कधी स्वीकारला होतास?"

"नाही," मी म्हटलं.

"मग झालं तर," म्हणाले आणि टीव्ही लावला. या माणसाशी भांडता येत नाही ही माझी जुनी तक्रार आहे. मी ऋत्विजला फोन करून सांगितलं, शेऱ्यांसकट छाप.

एचआरच्या मॅडमना मी मेल केली. तुम्ही जी नोंद पुरावा म्हणून घेतली तिची संपादक मी आहे आणि त्या नोंदीत चूक आहे, असं सरळ लिहिलं. त्यांनी मीटिंगच्या सुरुवातीची पंधरा मिनिटं दिली. बुधवारी हिंजवडीच्या ट्रॅफिकची धास्ती घेऊन मी इतक्या लवकर निघाले, की तासभर रिसेप्शनवर बसावं लागलं.

खोलीत एचआरच्या मॅडम, निखिल आणि धनश्री. निखिल तिशीतला, इस्त्रीचा शर्ट, चेहरा पडलेला. बोलता बोलता कळलं की तोही शनिवार पेठेतलाच, आमच्या जुन्या जागेपासून चार घरं सोडून. त्याच्या कानाला 'बे' कसं लागलं असेल हे मला कोणी सांगायची गरज नव्हती.

मॅडम म्हणाल्या, "मला स्वतःला तो शब्द उद्धटच वाटतो. पण माझं वाटणं हा पुरावा नाही, म्हणून मी कोश बघितला." म्हणजे माझ्यापेक्षा जास्त शहाणी बाई. मी कागद पुढे केले. त्यांनी तारखा बघितल्या, दाखले वाचले, मग लाल फुलीवर बोट ठेवलं.

"हे सगळं नाकारलेलं आहे. कोणी नाकारलं?"

"मी," मी म्हटलं.

"कारण?"

"मला ऐकायला आवडलं नाही. दुसरं काही कारण नाही. खाली शेरे आहेत ते वाचा, म्हणजे पटेल."

त्यांनी वाचले. सहावा वाचताना माझ्याकडे एकदा बघितलं. मी खाली बघितलं नाही, पण बघावंसं फार वाटलं. मग त्यांनी कागद निखिलकडे सरकवला. तो बराच वेळ वाचत होता.

"मला ताप होता हे तिला माहीत होतं," निखिल हळूच म्हणाला. मग धनश्रीकडे वळला. "पण मग 'निखिल, घरी जा' असं लिहायचं ना सरळ."

धनश्री म्हणाली, "तसं परक्याला म्हणतात."

निखिलनं कागद परत मॅडमकडे सरकवला आणि तो म्हणाला, "तक्रार मागे घेतली असं लिहा. ऐकायला मात्र मला अजूनही बरं वाटत नाही, हेही लिहा."

"लिहा," धनश्री म्हणाली. "मी ऑफिसात 'बे' नाही म्हणणार. तुझ्या कानाचं मला काय माहीत होतं?"

पुढच्या आठवड्यात तिला नोकरी पक्की झाल्याचं पत्र मिळालं. तिनं ते आधी बाबांना पाठवलं, मग मला. 'बे'च्या नोंदीत आता दोन अर्थ आहेत, कुठला कुठे चालतो तेही आहे, आणि पहिला, जवळिकीचा अर्थ तपासायचं काम धनश्रीकडे दिलं आहे. ती माझ्याहून कडक आहे. नाकारलेल्या नोंदींचं पान आम्ही सगळ्यांना खुलं केलं. माझे शेरे तसेच ठेवले.

राहिले ते सहा जण. मी प्रत्येकाला मेल पाठवून माफी मागितली. पाच जणांकडून काही आलं नाही. सहाव्याचं उत्तर आलं. यवतमाळचा मुलगा, शिकायला पुण्यात आलेला. त्यानं लिहिलं होतं, 'मॅडम, राग नाही. तेव्हा मी पुण्यात नवीन होतो. तुमचा शेरा वाचल्यापासून मी बोलायच्या आधी मनातल्या मनात वाक्य तपासून घेतो. मेसमध्ये भाजी मागतानासुद्धा. आता सवयच झाली आहे.'

मी त्याच्याकडून नंबर मागवून घेतला आणि फोन केला. तो इतकं शुद्ध बोलत होता, की आमच्या कार्यालयात त्याला उभ्या उभ्या नोकरी मिळाली असती. मला रडू आलं. आवाज सावरून मी त्याला घरचं विचारलं, आई काय म्हणते, धाकटा भाऊ कसा बोलतो, गावात पोरं एकमेकांना काय काय हाका मारतात. वाक्यं आधी जपून येत होती. बऱ्याच वेळानं तो भावाबद्दल सांगता सांगता 'काय करून राहिला असेल आता' असं गावाकडच्या वळणानं बोलून गेला आणि एकदम थांबला. मी म्हटलं, "थांबू नकोस रे, बोल." मग तो बोलत राहिला आणि मी एक शब्दही न बोलता लिहून घेत राहिले.

आधी ऐकायचं आणि मग लिहायचं, हे मी कार्यालयात येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगत असे. स्वतः मात्र लिहून मोकळी झाले आणि ऐकलं त्यानंतर, तेही एका मुलीची नोकरी जायची वेळ आली तेव्हा.