सरकीची पिशवी

आमच्या मोठ्या जाऊबाईंच्या तोंडात तीळ भिजत नसे. वलगावात कोणाची सोयरीक मोडली, कोणाच्या सुनेला दिवस गेले, हे घरच्यांच्या आधी बाईंच्या ओसरीवर कळे. कोणी चिडलं तर त्या शांतपणे म्हणत, "पोटात ठेवलं का सडते, माय."

कॅन्सरमुळे माझा एक स्तन काढला, तेव्हा मी अमरावतीच्या दवाखान्यातून घरी पोचायच्या आत ते गावभर झालं होतं. मी चिडले. पण लपवायचा त्रास वाचला, हेही खरं.

डॉक्टरांनी गोळ्या, तपासण्या सगळं समजावलं. रिकाम्या बाजूचं काय करायचं ते कोणी सांगितलं नाही आणि मला विचारायची लाज वाटली. बाईंनीच जुन्या धोतराची पिशवी शिवली, घरचा कापूस भरला आणि तळाशी मूठभर सरकी घातली. "नुसता कापूस वर चढते. वजन पायजे, नाय तं खांदा वाकते," म्हणाल्या. यांना हे कसं ठाऊक, असं मनात आलं. पण बाईंना ठाऊक नाही असं काय होतं?

घामानं कापसाचा गोळा होई, सरकी वणावर टोचे. कौंडण्यपूरच्या यात्रेत, ऐन दर्शनाच्या रांगेत, पिशवी घसरून पोटावर आली. मागच्या पोरी हसल्या. बाई झटकन पुढे झाल्या आणि आपला पदर माझ्यावर ओढून उभ्या राहिल्या. त्यानंतर मी लग्नकार्याला जाणंच सोडलं. बाई मात्र दर उन्हाळ्यात नवी पिशवी शिवून देत. सख्खी बहीण करणार नाही एवढं या करतात, असं मला वाटे.

यंदा बाई गेल्या. आंघोळ घालायच्या वेळी त्यांच्या लेकीनं बाकीच्या बायकांना बाहेर काढलं. मला काढणं तिला जमलं नाही. तिनं पोलकं सोडलं आणि माझ्याकडे बघेना. आतल्या बॉडीसच्या खिशात कातडीच्या रंगाचा, मऊ, जडसर सिलिकॉनचा उभार होता. खाली माझ्यासारखाच वण, माझ्याहून जुना.

"नागपूरले मियते, काकू," ती म्हणाली. "आईनं शपथ घातली होती मले."

माझ्या दुखण्याच्या आधी बाई लेकीकडे नागपूरला बरेच दिवस राहिल्या होत्या आणि वाळून परत आल्या होत्या, ते मला तेव्हा आठवलं. मी रडले, पण त्यात दुःखापेक्षा राग जास्त होता. मला सरकी टोचत होती आणि ती पिशवी शिवणारीच्या अंगावर हे होतं. गावाचं सगळं सांगणाऱ्या बाईनं, मला सांगायचं तेवढंच गिळलं.

तेरवीला ओसरी बायकांनी भरली होती. छाती काढलेल्या बाईसाठी असा उभार नागपूरला विकत मिळतो आणि मी तो आणणार आहे, हे मी सगळ्यांदेखत मोठ्यानं सांगितलं. कोपऱ्यातली माळीण पदर सावरत पुढे सरकली.

"हे तुले कोनं सांगतलं व?"

"मोठ्या बाईनं," मी म्हटलं. "पन लय उशिरा सांगतलं."