पोचा आलेली थाळी

आमच्या घरातल्या प्रत्येक भांड्यावर नाव टाकलेलं आहे. फक्त एका स्टीलच्या डब्यावर नाही. बायको गेल्यावर सून म्हणाली, "आबा, एवढा चांगला डबा. नाव टाकून आणू का?" मी तिच्यावर खेकसलो. कारण सांगितलं नाही. ते इथं लिहितो. चौथी शिकलेला माणूस मी, जमेल तसं लिहितो.

बायको साक्रीकडची, डोंगराच्या खेड्यातली. तिकडं नागलीची भाकर. आमचं गाव चोपड्याजवळ; इथं पाहुणा आला की पुरणाचे मांडे, तेही हातावर फिरवून मोठे करायचे आणि खापरावर टाकायचे. लग्नानंतरचा तिचा पहिला मांडा हातावरच फाटला, पुरण चुलीत पडलं. माझी आई चार बायकांत म्हणाली, "भाकर खानारासनी पोर शे, इले मांडा कथाइन येई?" गल्लीनं ते वाक्य उचललं ते सोडलंच नाही. बायको शिकली, चांगली शिकली. तरी लग्नाकार्यात मांड्यांसाठी हाक दुसऱ्या बायकांना, आणि हिला पुरण वाटायला बसवायचे.

सन ऐंशीनंतरची गोष्ट. गणपतीत मंडळानं मांड्यांची स्पर्धा ठेवली. घरटी एका माणसानं सगळ्या थाळ्यांतलं चाखायचं आणि आवडेल त्या थाळीपुढच्या वाटीत तुरीचा एक दाणा टाकायचा. कोणाचा मांडा ते कळू नये म्हणून थाळी बिननावाची पाहिजे. बायकोनं माळ्यावरून आजीच्या वेळची पितळी थाळी काढली, चिंचेनं घासली. काठाला एक पोचा होता. निघताना म्हणाली, "आज समजी जाई." एवढंच.

मी काय केलं? पारावर जाऊन भाऊबंदांना सांगितलं, "काठाले पोचा शे ती थाळी आपली."

चुलतभाऊ म्हणाला, "मंग चाखानं नही का?"

"तुले खावाले बलायेल शे का दाना टाकाले?"

सगळे हसले. मीही हसलो. मांडवात गेलो, कोणाच्याच मांड्याचा तुकडा तोंडात घातला नाही, पोचा शोधला आणि दाणा टाकला. माझ्यामागून सगळे भाऊबंद तेच करत आले.

वाटी भरून वर दाणे. तिचं नाव पुकारलं, बक्षिसाचा स्टीलचा डबा हातात दिला, तेव्हा ती पदर तोंडाला लावून हसली. तसं हसताना मी तिला आधी पाहिलं नव्हतं.

घराकडं वळतो तोच चुलतभाऊ आडवा आला. "वहिनी, पेढा खवाडा! पोचा धुंडता धुंडता डोया दुखी ग्यात वं!"

ती थांबली. माझ्याकडं बघितलं. घरात आल्यावर विचारलं, "तुम्हीन सांगं ना त्यासले?"

"मंग काय झालं? जिकनी ना तू!"

"कोन जिकनं? मी का पोचा?"

उलट मीच चिडलो; तुझ्यासाठी केलं आणि वर मलाच बोलतेस, म्हणालो. पुढं नाव टाकायला तो डबा मी दोनदा नेऊ लागलो, दोन्ही वेळा तिनं हातातून काढून घेतला.

मला वाटलं होतं, ती रागावली ते लबाडीवर. ते नव्हतं. तिला एकच गोष्ट पाहिजे होती: आपला हात खरंच बसला का, हे परक्या जिभांनी सांगावं. कदाचित ती सरळ जिंकली असती. कदाचित हरलीही असती. मी तिला दोन्ही मिळू दिलं नाही. पुढं कोणी मांड्यांचं कौतुक केलं की ती माझ्याकडं बघायची, मीच सांगून ठेवलंय का म्हणून.

घरात तिचे मांडे मी आयुष्यभर खाल्ले. चांगले होते. हे तिला मी कितीदा सांगितलं. माझं कोण खरं मानणार? मी तर त्या दिवशी चाखलेच नव्हते.